खडकी वसवणाऱ्या हबशाच्या मागावर: संभाजीनगर, खुलताबाद आणि पुढे

वेरूळ-दौलताबादची सहल आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच केलेली असते. त्याच रस्त्यावर खुलताबादला निजामशाहीचा हबशी सरदार मलिक अंबर याची कबर आहे, पण सहलीच्या गाड्या तिकडे सहसा वळत नाहीत. यंदा हिवाळ्यात मी मुद्दाम त्याच्यासाठीच गेलो. वेरूळ या खेपेला पूर्ण वगळलं.

हा माणूस सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मला. लहानपणीच विकला गेला, येमेन-बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनेत पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीत त्याला विकत घेणारा पेशवा चंगेजखान स्वतः हबशीच होता. म्हणजे दख्खनच्या दरबारात आफ्रिकी सरदार ही नवलाई नव्हती. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर अंबरने निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि पुढची सव्वीस वर्षं, मरेपर्यंत, मोगलांना दख्खनेत सुखाने बसू दिलं नाही. जहांगीर इतका चिडला की अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच त्याने काढून घेतलं. ते आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधी लागलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला.

सुरुवात शहरातून करा, खुलताबादहून नको. १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी अंबरने राजधानी वसवली, ती ही. पुढे मुलगा फतेहखानाने तिला फतेहनगर म्हटलं, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि आताचं नाव आपल्याला ठाऊकच आहे. सकाळी लवकर भडकल दरवाजा गाठा, नंतर रहदारीत मान वर करायलाही उसंत मिळत नाही. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरने तो १६१२ मध्ये बांधला असं मानतात. शेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने बांधलेल्या दरवाजापाशी ती गर्दी जमते, ही गोष्ट मला तरी कुठल्याही माहितीफलकापेक्षा मोठी वाटते.

अंबरचं खरं काम मात्र जमिनीखाली आहे. डोंगरातलं पाणी भूमिगत नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरभर खेळवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. तिचे बरेच भाग आता बांधकामांखाली गेलेत, त्यामुळे एकट्याने शोधत हिंडण्यात अर्थ नाही. जुन्या शहरातला एखादा जाणकार सोबत घ्या. तंत्र समजून घ्यायला पाणचक्की बरी. ती अंबरनंतरची आहे, पण दूरच्या डोंगरातून आलेलं पाणी उंचावरून पडताना तिथे डोळ्यांनी दिसतं. दुपारी जुन्या शहरात नान-खलिया खा. तो जड असतो, लगेच घाट चढायचं ठरवू नका.

खुलताबाद शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर. वेरूळकडच्या एस.टी. दौलताबादवरून तिथे जातात. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली तर थांबत थांबत जाता येतं. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो दिवस धरा, रस्ता मोकळा मिळतो. आमच्या रिक्षावाल्या काकांना "मलिक अंबर" म्हटल्यावर उलगडा होईना. त्यांनी विचारलं, "औरंगजेबाची कबर ना?" जर्जरी जर बक्ष या सूफी संताच्या दर्ग्याच्या बाजूला, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तसं बोला की!" तुम्हीही दर्ग्याचंच नाव सांगा. औरंगजेबाच्या कबरीमुळे गावात बंदोबस्त असतो, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या.

कबर म्हणजे दगडी बांधणीची, घुमटाची भक्कम वास्तू. जवळच्या लहान घुमटाखाली त्याची बायको बीबी करीमा आहे, असं सांगतात. दोन्हींभोवती मोकळी जागा आणि शांतता. पाणी, टोपी बरोबर घ्या, आसपास सोय नाही. डोकं झाकायला रुमाल असावा.

त्याला नुसता देव्हाऱ्यात बसवू नये, हेही सांगायला हवं. गुलामीतून वर आलेल्या या माणसाच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होते. तो मराठा सरदारांच्या बळावर लढला. भातवडीला, १६२४ मध्ये, तलावाचं पाणी सोडून त्याने शत्रूच्या छावणीची दैना केली, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. भातवडी नगरजवळ आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर घ्यावं.

आणखी सवड असेल तर कोकणातली बाजू बघा. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळ आफ्रिकेतलेच, पण शिवाजी महाराजांचे कट्टर वैरी, आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. किल्ल्यावर राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, पावसाळ्यात बंद असतात. भरती-ओहोटी बघून निघा, होडीतून दारात उतरताना लाटा असल्या तर म्हाताऱ्यांचे आणि पोरांचे हाल होतात. किल्ला झाला की बहुतेक जण मुरूडच्या किनाऱ्यावर पळतात. त्याआधी राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे तीन घुमट आहेत, ते पाहून घ्या. १६८९ मध्ये मुंबईला वेढा घालणारा याकूतखान त्यातल्याच एकाखाली आहे. उतरत्या उन्हात फोटो चांगले येतात, फक्त अंधाराच्या आत परत निघा.