पाझर तलाव, कॅटामरान आणि बेचाळीसचा पंखा

या हिवाळ्यात आमच्या गावच्या पाझर तलावावर माझी कॅटामरान तीन वेळा उलटली, आणि तिन्ही वेळा ती वळणावर नव्हे, तर सरळ रेषेत, पूर्ण वेगात असताना, नाक उचलून मागच्या मागे पालथी झाली. ही बोट रिमोटवर चालणारी, ८५ सेंटिमीटर लांबीची, फायबरग्लासची आणि एकाच ब्रशलेस मोटरची आहे. वाळूजच्या एका टूलरूममध्ये मी नोकरी करतो. शनिवारी रात्री अंबड तालुक्यातल्या गावी जातो आणि रविवारी सकाळी वारा सुटण्यापूर्वी भाच्याला सोबत घेऊन तलावावर पोहोचतो. हा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांतून उभा राहिला, असे वडील सांगतात. पैठणचा नाथसागर याहून कितीतरी मोठा आहे. परंतु तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि थंडीत पाहुणे पक्षी उतरलेल्या पाण्यावर वेगाची बोट फिरवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

कॅटामरान हा शब्द तमिळमधील ‘कट्टुमरम्’ म्हणजे ‘बांधलेली लाकडे’ यावरून आला. आजच्या वेगवान कॅटामरानमध्ये दोन अरुंद स्पॉन्सन, म्हणजे पाण्याला टेकणारे दोन बाजूंचे सांगाडे, आणि त्यांच्यामध्ये एक बोगदा असतो. बोट धावू लागली की या बोगद्यात हवा कोंडली जाते, ती बोटीला वर उचलते, पाण्याला टेकणारा पृष्ठभाग कमी होतो आणि त्याच विजेवर अधिक वेग मिळतो. कॅटामरानचे बळ यात आहे आणि धोकाही यातच आहे, कारण हवेची ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, आणि नाक अंशभर जास्त वर गेले तर हवा तळाखाली शिरून उरलेले काम स्वतःच पूर्ण करते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कोनिस्टन सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड के ७’ अशीच नाक उचलून उलटली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ती बोट जेट इंजिनावर चालणारी आणि घडणीने वेगळी होती. परंतु नाक वर जाणे, तळाखाली हवा शिरणे आणि पुढच्या क्षणी सगळे हाताबाहेर जाणे हा क्रम माझ्या लहानशा बोटीतही तसाच दिसतो.

बोट उलटली तेव्हा माझा पहिला संशय पंख्यावर गेला. (प्रोपेलरला आम्ही पंखाच म्हणतो.) माझ्या बोटीला ऑक्टुरा कंपनीच्या एक्स मालिकेतील ४४२ क्रमांकाचा पंखा आहे. या क्रमांकातील पहिला ४ म्हणजे पिच (एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे जातो ते अंतर) व्यासाच्या १.४ पट, आणि ४२ म्हणजे व्यास ४२ मिलिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात हा पंखा कागदावर ५८.८ मिलिमीटर पुढे जातो. मोटर १८०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला १८०० फेऱ्यांची, आहे आणि सहा सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी २२.२ व्होल्टची, त्यामुळे बिनभाराचे फेरे मिनिटाला सुमारे ४०,००० होतात. भाराखाली त्यातले ८० टक्के धरले तर ३२,०००. या फेऱ्यांना पिचने गुणले तर ताशी सुमारे ११३ किलोमीटर हा कागदी वेग निघतो. पाण्यात पंखा थोडा घसरतोच, म्हणून यातून १५ टक्के वजा केले तरी ९६ च्या आसपास वेग मिळायला हवा. माझ्या जीपीएसवर मात्र ८५ च्या पुढे आकडा सरकत नव्हता आणि तिथेच बोट नाक उचलत होती. या तफावतीकडे मी तेव्हा नीट पाहिले असते, तर पुढचे दोन महिने वाचले असते.

पंख्याच्या कामात मी हयगय केली नव्हती, हे मात्र सांगितले पाहिजे. हे पंखे ओतीव स्वरूपात, बोथट कडांचे येतात आणि त्यांना धार लावून, तोलून, मगच वापरायचे असतात. पाती जिथून पाण्यात शिरते ती कड मी पाठीमागच्या बाजूने कानशीने तासतो आणि पाण्याला ढकलणाऱ्या अंगाला हात लावत नाही, कारण त्या अंगाचा आकार बदलला की पिचच बदलते. त्यानंतर पंखा चुंबकी तोलकाट्यावर ठेवतो, आणि जी पाती खाली जाते तिच्या पाठीवरून पॉलिश पेपरने थोडी थोडी धातू काढत जातो, जोपर्यंत पंखा कोणत्याही स्थितीत सोडला तरी जागचा हलत नाही. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांवर ग्रॅमच्या लहानशा अंशाचा फरकही दांडा, बुश आणि सील यांना हाणत राहतो. हे पंखे बेरिलियम कॉपरचे असतात आणि त्यांची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून हे सगळे काम पाण्याखाली ओले ठेवून आणि तोंडाला चांगला मास्क लावूनच करावे. टूलरूममध्ये वीस वर्षे घालवलेल्या माणसांनाही हे माहीत नसते, हे मी पाहिले आहे.

पंखा निर्दोष असल्याची खात्री झाल्यावर मी स्ट्रटकडे वळलो. बोटीच्या मागच्या फळीवर बसवलेला हा धातूचा तुकडा पंख्याचा दांडा धरून ठेवतो, आणि त्याची उंची व कोन या दोन गोष्टींवर बोटीचा स्वभाव ठरतो. असा पंखा पूर्ण बुडत नाही. त्याचा खालचा अर्धा भाग पाण्यात आणि वरचा अर्धा हवेत असतो. सुरुवातीला दांड्याची मध्यरेषा स्पॉन्सनच्या तळाच्या पातळीत आणि तळाला समांतर ठेवावी. स्ट्रट खाली घेतला की पंखा बोटीचे मागचे अंग उचलतो, नाक खाली येते, पण मोटरवर भार वाढतो. वर घेतला की भार हलका होतो, वेग वाढतो, परंतु निघताना पंखा हवा घेऊन नुसता गरगरतो. कोनाचेही तसेच आहे. दांड्याचे पंख्याकडील टोक खाली झुकवले तर रेटा पुढे आणि थोडा वर लागतो, मागचे अंग उचलले जाते आणि नाक दबते. तेच टोक वर केले तर नाक उठते. ५० मिलिमीटर लांबीच्या स्ट्रटवर १ अंश म्हणजे दोन्ही टोकांच्या उंचीत जेमतेम ०.८७ मिलिमीटरचा फरक, आणि तेवढ्यावर बोट उलटायची की धावायची हे ठरू शकते. हे अंतर डोळ्याने मोजणाऱ्यांविषयी मला काळजी वाटते. मी बोट सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवून उंची मोजणाऱ्या हाईट गेजने मोजतो.

माझा स्ट्रट बरोबर होता. तरीही बोट उलटत होती, म्हणून मी सर्वात सोपा आणि सर्वात चुकीचा उपाय केला: वजन पुढे सरकवले. कॅटामरानचा गुरुत्वमध्य ढोबळमानाने मागच्या फळीपासून लांबीच्या ३० टक्क्यांवर असावा, म्हणजे माझ्या बोटीत साडेपंचवीस सेंटिमीटरवर. मी बॅटऱ्या पुढे ढकलून तो साडेअठ्ठावीसवर नेला. बोट उलटणे थांबले, पण तिचे पुढचे अंग पाण्यात घासू लागले आणि वेग ७६ वर आला. मग गेलेला वेग परत मिळवण्यासाठी मी ४२ च्या जागी ४५ मिलिमीटरचा पंखा लावला. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. त्याच आकाराच्या पंख्याला त्याच फेऱ्यांवर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते; ४२ वरून ४५ वर गेलो तर दिसायला तीन मिलिमीटर, पण शक्तीची मागणी सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त. दोन मिनिटांच्या धावेत बॅटरीतून ३२०० मिलिअँपिअर-तास गेले, म्हणजे सरासरी ९६ अँपिअर, आणि झाकण उघडले तेव्हा मोटरवर हाताचे बोट टेकवत नव्हते. भाच्याने नुसता वास घेतला आणि म्हणाला, “मामा, आता बास करा, तार जळंल.” त्याचे बरोबर होते. मी बोट घरी आणली.

त्या आठवड्यात मी बॅटऱ्या काढून रिकामी बोट पुन्हा सरफेस प्लेटवर ठेवली, पण या वेळी स्ट्रट सोडून स्पॉन्सनचे तळ तपासले. उजव्या स्पॉन्सनच्या मागच्या टोकाखाली फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या साधनाचे) ०.४ मिलिमीटरचे पान सहज गेले. डावीकडे ०.०५ चेही गेले नाही. उजव्या बाजूची मागची कड गोल झाली होती, आणि कारण लगेच लक्षात आले. बंधाऱ्याच्या दगडी पिचिंगवरून, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवरून, उतरताना मी नेहमी उजव्या हाताने सुकाणू सांभाळतो आणि बोट त्या बाजूने दगडावर टेकवतो. दर रविवारी थोडी थोडी कड झिजत गेली.

ही कड तीक्ष्ण का हवी, हे तांब्यातून पाणी ओतणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. काठ गोल असला आणि धार हळू असली की पाणी सुटून पडण्याऐवजी काठाला चिकटून तांब्याच्या पोटावरून ओघळते. बोटीच्या तळाचेही तेच होते: कड धारदार असेल तर पाणी तळापासून सरळ सुटते, गोल असेल तर ते कडेला चिकटून मागे वर वळते आणि बोटीचे मागचे अंग खाली ओढून धरते. मागचे अंग खाली गेले की नाक वर जाते. याच ओढीमुळे वेगही अडत होता. हिशेबातली ती तफावत आणि ते उलटणे, दोन्हींचे मूळ एकच होते, आणि मी वजन पुढे नेऊन त्यावर एक चूक, आणि मोठा पंखा लावून तिच्यावर दुसरी चढवली होती.

कड पुन्हा उभी करायला तीन संध्याकाळी लागल्या. झिजलेला भाग खरवडून, मागच्या फळीला मेण लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, तिच्या आडोशाने इपॉक्सी भरले आणि ते कडक झाल्यावर सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून तळ एकसारखा घासला. हाताच्या बोटाने घासू नये. बोट मऊ असते आणि कड पुन्हा गोल करते. मग बॅटऱ्या मूळ जागी नेल्या, ४२ चा पंखा लावला आणि तो बसवताना स्ट्रट व ड्राइव्ह डॉग (पंख्याला फिरवणारा, त्याच्या पुढे बसणारा धातूचा तुकडा) यांच्यात अडीच मिलिमीटर फट ठेवली, कारण मोटरपासून पंख्याकडे जाणारी लवचिक केबल भाराखाली पिळून आखूड होते आणि फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासून बसतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पहिली धाव अर्ध्या वेगात ३० सेकंदांची केली, मोटर आणि कंट्रोलर हाताने तपासले, थंडाव्याच्या नळीतून पाणी येते आहे हे पाहिले, आणि मगच पूर्ण वेग दिला. जीपीएसवर ९१ आला. बोट सरळ होती, नाक स्थिर होते, आणि दोन्ही स्पॉन्सनच्या मागे पाण्याचे सारखे फराटे उमटत होते. तीन मिनिटांत ३५०० मिलिअँपिअर-तास गेले, म्हणजे सरासरी ७० अँपिअर. त्यानंतर स्ट्रट फक्त अर्धा मिलिमीटर वर घेतला, दुसरे काहीच बदलले नाही, आणि ९४ मिळाला. आणखी अर्धा घेतल्यावर निघताना पंखा हवा घेऊ लागला, म्हणून पुन्हा खाली आणला. तलावात जाळी लावणारे मच्छीमार काका आमच्यासाठी थर्माकोलचा तराफा घेऊन तयार बसले होते, कारण पूर्वी तिन्ही वेळा त्यांनीच बोट ओढून आणली होती. त्या दिवशी त्यांना पाण्यात उतरावे लागले नाही.

आता मार्च संपत आला आहे. पाणी पिचिंगच्या खाली बरेच उतरले आहे आणि मधला गाळ दिसू लागला आहे, त्यामुळे पाऊस पडून तलाव भरेपर्यंत बोट बंद राहील. लायपोचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीतून काढून खालच्या गार खोलीत ठेवल्या आहेत, केबल बाहेर काढून पुसून ग्रीस लावली आहे, आणि भाच्याने जुन्या सायकलच्या ट्यूबमधून दोन पट्ट्या कापून बोटीसाठी एक बैठक तयार केली आहे, जी पिचिंगवर आधी ठेवायची आणि मग तिच्यावर बोट.