कोचीत जहाज थांबलं तेव्हा

आज आमची क्रूझ कोचीला लागली. चारच्या आत परत चढायचं होतं, म्हणून बसची टूर सोडून सरळ रिक्षा केली. फोर्ट कोचीची मासे पकडायची चिनी जाळी बघितली, फोटो काढले, झालं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये मात्र रेंगाळलो. वास्को द गामाला १५२४ साली इथंच पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले. वर कापडी पंखे टांगलेत, त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. म्हणजे साहेब आत गारव्यात आणि ओढणारा बाहेर उन्हात!

मट्टनचेरीचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १५६८ चं. हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, अनवाणी पायांना मस्त गार. (शनिवारी बंद असतं, वार बघून जा.)

पण खरी मजा चेरलाईत. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून आलेल्या सारस्वतांची ही वस्ती, त्यांचं देऊळ तिरुमला देवस्वमही इथलंच. देवळाबाहेरच्या एक आजी कोकणीत बोलल्या आणि आमची मालवणची आई जी सुटली! निम्मं शब्दांत, निम्मं हातवाऱ्यांत. विषय अर्थातच बांगडा. घड्याळ दाखवून दाखवून शेवटी तिला उठवलं. जेवण राहिलंच, जहाजावर बुफेतला थंड पुलाव खाल्ला.