जुहूच्या वाळूतले दोन डोळे

पार्ल्याला भावाकडे चार दिवस होते. तीन दिवस साखरपुडा, पाहुणे आणि दादरच्या खरेदीत गेले. लिहायचंय ते चौथ्या दिवसाच्या सकाळबद्दल.

आम्ही मूळचे संगमनेरचे. खेकडा म्हणजे प्रवरेच्या काठचा, दगडाखाली दबा धरून बसणारा, काळपट, जाड नांग्यांचा. समुद्राचा अंदाज आम्हाला नाही. भाऊ मात्र मुंबईत राहून तिथीची पाऊणपट करायला शिकलाय. त्या दिवशी शुद्ध द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला. तिथून सहा-सव्वासहा तास मागे आलं की सव्वासात-साडेसातला ओहोटी. साडेसहालाच भाच्याला उठवलं आणि रिक्षा केली.

संध्याकाळची जुहू मला सोसत नाही. गाड्यांचा धूर, धक्के, पायाखाली कणसांची बुरकुंडं. सकाळी ओहोटीला मात्र पाणी इतकं मागे गेलेलं असतं की ओली, चकचकीत पुळण संपता संपत नाही. अशाच एका पाणी साचलेल्या खळग्याशी भाचा ओरडला, "आत्या, इथं काहीतरी हललं!"

फिकट पिवळसर, जवळजवळ गोल पाठ. पाच रुपयांच्या नाण्याच्या दुप्पट असेल. दोन्ही बाजूंना एकेक लांब, टोकदार काटा. "भूत-खेकडा," मी सांगून टाकलं. पुढच्याच क्षणी तो मागच्या मागे वाळूत बसायला लागला. आधी बूड खाली गेलं, पाय भराभर चालले, अंग दोनदा हललं आणि संपलं. वर फक्त दोन डोळे. पाण्याचा एक हलका ओघळ आला आणि वाळू सपाट झाली. डोळे कुठे होते तेही सांगता येईना.

ओंजळीने वाळू उपसून त्याला बाहेर काढलं. मागून, काट्यांना चुकवून, दोन बोटांत धरलं आणि तेव्हा पाय दिसले. आमच्या नदीतल्या खेकड्याचे पाय टोकाला अणकुचीदार असतात. याचे चालायचे आठही पाय चपटे, वल्ह्याच्या पात्यासारखे. त्यांनीच पोहायचं आणि त्यांनीच खणायचं. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे, गुडघ्यापर्यंत सलवार भिजली होती.

पलीकडे जाळं निवडत एक कोळीण बसली होती. भाचा धावत तिला दाखवायला गेला. "चिंबोरी नाय ही. मास नसतं हिच्यात. सोडून दे पोरा," ती म्हणाली. मग टोपलीतली खरी चिंबोरी उलटी करून तिने दाखवली. तिचे फक्त शेवटचे दोन पाय चपटे, बाकीचे टोकदार. एवढ्या नेमकेपणाने मला आजवर कुणी काही शिकवलेलं नाही.

भूत-खेकडा म्हणाले ते चुकलंच होतं, हे घरी फोटो ताडून पाहताना कळलं. भूत-खेकड्याची पाठ चौकोनी असते, तो वरच्या कोरड्या वाळूत खोल बीळ करतो आणि चाहूल लागली की सुसाट पळतो. याला बीळच नसतं, वाळू हीच त्याची चादर. आत दडल्यावर नांग्या तोंडाशी घट्ट दुमडून घेतो आणि कल्ल्यांकडे पाणी जायला वाट ठेवतो. हा मटुटा. त्यातलाही कुठला, ते पाठीवरचे ठिपके सांगतात. ठिपके जुळून वेटोळी, जाळी झाली असेल तर मटुटा प्लॅनिपेस. आमच्याच्या पाठीवर जांभळट-लाल, बारीक, सुटे ठिपके सगळीकडे विखुरलेले होते, म्हणजे मटुटा व्हिक्टर. फॅब्रिशियस या डॅनिश अभ्यासकाने 1781 मध्ये त्याला व्हिक्टर, म्हणजे विजेता, हे नाव दिलं. दुपारी भाच्याला माझी चूक सांगितली. त्याने वहीत 'भूत' खोडून 'मटुटा' लिहिलं.

आता जे सलतंय ते. आमच्यापासून वीस पावलांवर एक गृहस्थ आपल्या मुलांसाठी हेच खेकडे गोळा करत होते. पाण्याच्या बाटलीत सात-आठ कोंबलेले, झाकण घट्ट लावलेलं. वरचे दोन हलत होते, खालचे नाही. मी सोडायला सांगितलं. "खेकडेच तर आहेत," ते म्हणाले. मी दोनदा, तीनदा सांगितलं, आवाज चढवला, मुलं रडायला लागली. बाटली घेऊन ते निघून गेले. हाच खेकडा 2012 मध्ये इस्रायलच्या हैफा उपसागरात सापडला, आपल्या हिंदी महासागरातला जीव थेट भूमध्य समुद्रात! त्याला एक झाकण पुरलं. मुलांना समुद्र दाखवायला आणावं आणि बाटलीत मरण दाखवून घरी न्यावं, हे मला अजून पचलेलं नाही.

भाच्याने आमचा खेकडा पाण्याच्या काठाशी ठेवला आणि मोजायला लागला. एक, दोन. तीन म्हणेपर्यंत पाठ दिसेनाशी झाली होती. तो खाली वाकून, नाक जवळजवळ वाळूला लावून, डोळे शोधत राहिला.