न्यूट्रोफिल ११५०

पुण्यात रक्तपेढीत किंवा लॅबमध्ये काम करणाऱ्यांना सुदानी पेशंट नवे नाहीत. फार्मसी, कॉम्प्युटर, मॅनेजमेंट शिकायला आलेली ही मुलं वर्षानुवर्षं कोंढव्यात, कॅम्पात राहतात आणि पावसाळ्यात आपल्या मुलांसारखीच तापाने फणफणून येतात. हा मुलगाही तसाच आला होता. डेंग्यू झाला, ताप उतरला, प्लेटलेट पुन्हा अडीच लाखांवर गेल्या. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र वर येईनात. हजार, अकराशे, पुन्हा हजार. आमच्या रिपोर्टवर खालची मर्यादा २००० छापलेली असते. शेवटी त्याच्या फिजिशियननी बोन मॅरो, म्हणजे हाडात सुई घालून मज्जेची तपासणी, सांगितली आणि तो फॉर्म सकाळी माझ्या टेबलावर आला.

मॅरोचा फॉर्म आला की मी आधी रक्ताची स्लाइड बघते. त्या दिवशीचा आकडा ११५० होता. स्लाइड स्वच्छ होती. एकही ब्लास्ट, म्हणजे ब्लड कॅन्सरचा संशय आणणारी अपक्व पेशी, नाही, तांबड्या पेशी नेटक्या, हिमोग्लोबिन चौदाच्या वर, न्यूट्रोफिलचं केंद्रक आणि कण अगदी व्यवस्थित. पेशी थोड्या होत्या, पण आजारी एकही नव्हती. पेशंटला न बघता सुई घालायला माझं मन धजेना, म्हणून त्याला आत बोलावलं.

बावीस-तेवीस वर्षांचा, उंच, गव्हाळ रंगाचा मुलगा. बरोबर त्याचा रूममेट. मी नेहमीचे प्रश्न विचारले. तोंडात वारंवार छाले येतात का? गळवं होतात का? लहानपणी न्यूमोनियाने अ‍ॅडमिट होतास? सगळ्याला नाही. "घरी कुणाला असं काही?" तर म्हणाला, "डॉक्टर, माझे हे नेहमीच कमी असतात," आणि मोबाइलमध्ये जुना रिपोर्ट काढून दाखवला. सुदानमधल्या युद्धाच्या आधीचा, खार्टूमच्या एका लॅबचा. न्यूट्रोफिल १२००.

हा रिपोर्ट त्याने आधी कुणाला दाखवला नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्याला वाटत होतं आपल्याला ब्लड कॅन्सर आहे आणि सगळे लपवताहेत. आई कैरोत बहिणीकडे निघून गेलेली, वडील पोर्ट सुदानला. दोघांनाही त्याने काही कळवलं नव्हतं.

मी टेक्निशियनना म्हटलं, "काका, डफी लावा. अँटी-एफवायए आणि अँटी-एफवायबी."

काका माझ्यापेक्षा जास्त वर्षं रक्तपेढीत आहेत. त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, डफी निगेटिव्ह हे आफ्रिकन लोकांत असतं ना? हा तर अरब दिसतो. फॉर्मवर पण अरब लिहिलंय. रूममेटचं असेल तर एक वेळ..." रूममेट काळासावळा, पश्चिम सुदानातल्या दार्फूरचा, मसालित जमातीचा.

प्रश्न रास्त होता. आम्ही सगळे हेच शिकलो आहोत. डफी हा तांबड्या पेशीवरचा एक प्रथिन-रेणू. एफवायए आणि एफवायबी ही त्याची दोन रूपं; पेशीवर दोन्ही नसली की डफी निगेटिव्ह. विवॅक्स मलेरियाचा परजीवी प्रामुख्याने याच रेणूला धरून पेशीत शिरतो. सहाराच्या दक्षिणेला बहुसंख्य लोकांत एका अक्षराच्या बदलामुळे हा रेणू तांबड्या पेशींवर येतच नाही, आणि त्यामुळे विवॅक्सपासून त्यांचं पुष्कळ संरक्षण होतं. त्याच बदलाचा दुसरा परिणाम पांढऱ्या पेशींवर होतो. मज्जेत न्यूट्रोफिल पुरेसे तयार होतात, पण रक्तात रेंगाळण्याऐवजी ऊतींमध्ये निघून जातात. दुपारी गावात माणसं मोजायला जावं आणि सगळी शेतावर गेलेली असावीत, तसं. मोजणी कमी भरते, माणसं कमी नसतात.

पण सुदानला "आफ्रिकन" आणि "अरब" अशा दोन खणांत कसं बसवणार? २०१७ साली उप्साला विद्यापीठाच्या गटाने सुदान आणि दक्षिण सुदानमधल्या १८ समाजांतल्या २२१ जणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो मी तेव्हा वाचला होता, कारण इथे त्याच देशातली मुलं रोज समोर बसतात. दक्षिणेतल्या डिंका, नुएर, शिल्लुक या नायलोटिक समाजांत बाहेरची सरमिसळ जवळपास नाही. उत्तरेत नाईलकाठच्या नुबियन लोकांत जवळपास चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त वाटा आफ्रिकेबाहेरून आलेला, आणि उरलेला नायलोटिक लोकांशी नातं सांगणारा. नाईलच्या खोऱ्यातले अरब म्हणवणारे समाज जनुकांच्या हिशेबात या नुबियन शेजाऱ्यांच्याच जवळचे निघतात. भाषा बदलली, धर्म बदलला, वंशावळी नव्याने मांडल्या गेल्या. माणसं मात्र बरीचशी तिथलीच राहिली.

डफीच्या चाचणीचं जेल कार्ड इन्क्युबेटरमध्ये गेलं. पंधरा मिनिटं ३७ अंशांवर, मग सेंट्रिफ्यूज. तोवर मी मुलांना चहा मागवला.

पेशंट शेंदीचा. खार्टूमच्या उत्तरेला, नाईलकाठचं जुनं व्यापारी गाव. त्याचा समाज जाआलीन. मी नुसतं विचारलं, "तुमच्यात वंशावळ पाठ असते ना?" आणि तो खुलला. वडील, आजोबा, पणजोबा करत कितीतरी नावं एका दमात म्हणून दाखवली. आजोबांनी लहानपणी घोकून घेतलेली. जाआलीन लोकांची परंपरा त्यांचं मूळ पैगंबरांचे काका अब्बास यांच्यापर्यंत नेते. सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. सकाळपासून पहिल्यांदाच तो हॉस्पिटलमध्ये नव्हता, आजोबांच्या ओट्यावर होता.

रूममेट ऐकत होता. त्याचं घर दार्फूरमधल्या एल जेनेनाला होतं. २०२३ साली तिथे मसालित लोकांची जी कत्तल झाली, त्यातून वाचलेले त्याचे घरचे आता सीमेपलीकडे चाडमध्ये अद्रेच्या निर्वासित छावणीत आहेत. मारणारे स्वतःला अरब म्हणवत होते. आणि इथे हा शेंदीच्या अरब मित्राची फाइल छातीशी धरून बसला होता. रात्रभर त्याच्या उशाशी जागलेला. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

तो एकदम म्हणाला, "डॉक्टर, माझंही बघता का?" अँटीसेरमची बाटली उघडलेलीच होती. काकांनी त्याचंही सॅम्पल घेतलं.

पहिलं कार्ड आलं. अँटी-एफवायए: सगळ्या पेशी जेलमधून घसरून तळाशी, लाल टिकलीसारख्या. अँटी-एफवायबी: तेच. शेजारी पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये वर ठळक रेघ. म्हणजे शेंदीचा मुलगा डफी निगेटिव्ह. थोड्या वेळाने रूममेटचं कार्ड आलं. अँटी-एफवायबीच्या नळीत वर तांबडी रेघ. डफी पॉझिटिव्ह, आणि न्यूट्रोफिल ३८००.

काकांनी दोन्ही कार्डं उजेडात धरून पुन्हा पाहिली, नळ्यांवरचे नंबर ताडून पाहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, चेहरा बघून मी उलटं सांगितलं असतं."

पेशंटला समजावताना मी जपून बोलले. मॅरो नको, कॅन्सर नाही, हा आकडा तुझ्यासाठी नॉर्मल आहे, हे सांगून झालं. मग त्याने विचारलंच, "म्हणजे मी अरब नाही?"

एका जनुकावरून असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, असं मी त्याला सांगितलं. डफी निगेटिव्ह लोक येमेनमध्ये आहेत, सौदीत आहेत. आणि आजोबांनी पाठ करून घेतलेली यादी एकाच धाग्याची: बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. दहा पिढ्या मागे गेलं तर माणसाला हजाराच्या वर पूर्वज असतात. यादीत त्यातली दहा नावं. बाकीच्या आया, आज्या, पणज्या रक्तात आहेत, यादीत नाहीत. मग त्याला कुलुबनार्तीचं सांगितलं. सुदानी नुबियातलं नाईलकाठचं ख्रिस्ती काळातलं दफनस्थान, हजारेक वर्षांपूर्वीचं. तिथल्या ६६ जणांचा डीएनए २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाही ते मिश्रच होते, जेमतेम ४३ टक्के नायलोटिक. आणि बाहेरून आलेला वाटा बायकांकडून जास्त आलेला. तिथे दोन दफनभूमी होत्या. एकीतल्या हाडांवर हालअपेष्टांच्या खुणा दुसरीपेक्षा जास्त, म्हणून ती खालच्या वर्गाची मानली जाते. जनुकांत मात्र दोन्हींत म्हणावा असा फरक सापडला नाही.

हे ऐकताना दोघंही पुढे सरकून बसले होते. रूममेटने अरबीत काहीतरी विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, मग ते बराच वेळ आपसात बोलत राहिले. मी विचारलं नाही.

फिजिशियनना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्लाइडबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मॅरो रद्द केली. रिपोर्टवर मी लिहिलं: डफी नल (डफी निगेटिव्ह) फेनोटाइपशी संबंधित न्यूट्रोफिल संख्या, केवळ या आकड्यावरून पुढील तपासण्या किंवा औषधांत बदल नको. हे शेवटचं वाक्य मुद्दाम. मानसिक आजारावरचं क्लोझापिन असो की केमोथेरपी, न्यूट्रोफिल कमी म्हणून चांगलं औषध थांबवलं किंवा डोस कापला, असं डफी नल लोकांच्या वाट्याला जगभर आलं आहे.

मुलाने रिपोर्टची दुसरी प्रत मागितली, धाकट्या भावासाठी. त्याचेही आकडे कमी असतात म्हणे. मी सांगितलं, भावाची चाचणी वेगळी करावी लागेल. तरी प्रत दिली.

त्याच महिन्यात त्या फिजिशियनचा पुन्हा फोन आला. वॉर्डात एक टांझानियन बाई आहेत, न्यूट्रोफिल तेराशे, मॅरो सांगायच्या आधी डफी लावून द्याल का? सॅम्पल खाली पाठवलंच होतं. त्यामागोमाग काकांनी स्वतःहून एक काम केलं: सीबीसीच्या फॉर्मवर त्यांनी "पूर्वीचा रिपोर्ट आहे का?" असा रकाना हाताने आखून आणला आणि छपाईला द्यायला सांगितला.