तुम्ही विचारलंत म्हणून: शहाऐंशी की बावीस?

फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला की हा प्रश्न ठरलेला, आणि हल्ली तर अधेमधेही येतो. गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या पंगतीत, सकाळी पोहे-जलेबी खाताना. "तुम्ही अर्जेंटिनावाले ना? दोन्ही फायनल पाहिल्यात. मग खरं सांगा, १९८६ भारी की २०२२?" (अर्जेंटिनाचा १९७८चा पहिला कप माझ्या वाट्याला आला नाही, तेव्हा मी चार वर्षांचा होतो.) विचारणाऱ्याला खरं तर मॅराडोना की मेस्सी हे ऐकायचं असतं. त्या वादात मला रस नाही. पण दोन रात्रींमधली कुठली, असं विचारत असाल तर माझं उत्तर २०२२. माझ्या वयाच्या लोकांना ते रुचत नाही, म्हणून नीट सांगतो.

आम्ही तेव्हा इंदूरला, रामबागेत एका वाड्यात राहत होतो. जून १९८६. त्याच आठवड्यात कपिलदेवच्या संघाने लीड्सची कसोटी जिंकून इंग्लंडमधली मालिका खिशात घातली होती. वाड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी वेंगसरकर. लॉर्ड्सवर नाबाद १२६, लीड्सला नाबाद १०२, मोठी माणसं हे आकडे पाढ्यांसारखे म्हणत होती. आणि गावच मुळी सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींचं, होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकलेली. फुटबॉलबद्दल बोलायला मला कोणीच नव्हतं. मॅराडोनाने इंग्लंडला मारलेल्या दुसऱ्या गोलचं वर्णन मी 'नईदुनिया'त वाचलं, स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला आणि एकेकाला मागे टाकत थेट गोलपर्यंत गेला, एवढंच. न पाहिलेल्या त्या गोलवर मी अर्जेंटिनाचा झालो.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या काकांकडे होता, लाकडी शटरचा, काळा-पांढरा. २९ जून, रविवार. मेक्सिकोत भर दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. एवढ्या रात्री दुसऱ्याच्या घरी पोराला एकटं कसं पाठवायचं, म्हणून आई बरोबर आली. बाबांची पहाटेची पाळी होती, ते केव्हाच झोपले होते.

काका पहिल्या गोलपर्यंत जागे राहिले. मग "संपलं की शटर ओढून घे, आणि आवाज बारीक ठेव रे" म्हणून आत गेले. आतल्या खोलीत तान्हं बाळ होतं, त्यामुळे बारीक म्हणजे बंदच. १९८६ची फायनल मी अशी पाहिली, ऐकली मात्र नाही.

अर्जेंटिनाचे पट्टे त्या पडद्यावरही ओळखू येत होते. जर्मनांचे सदरे गडद, काळपट.

"काळेवाले कोण?" आईने कुजबुजत विचारलं.

"पश्चिम जर्मनी."

"आणि आपण?"

"पट्टेवाले."

तेवढ्या माहितीवर तिने पूर्ण सामना पाहिला.

मॅराडोनाने त्या दिवशी गोल केला नाही. जर्मनांचा माथेउस त्याच्या सावलीसारखा मागे होता, आणि मला राहून राहून वाटत होतं की पेपरातला तो माणूस हा नव्हेच. पहिला गोल ब्राऊनचा, हेडरने. बुरुचागाची फ्रीकिक आली, जर्मन गोलकीपर शूमाखर पुढे आला आणि चुकला. ब्राऊनकडे तेव्हा कुठला क्लबसुद्धा नव्हता, आणि देशासाठी त्याने आयुष्यात केलेला हा एकच गोल. पुढे त्याचा खांदा निखळला, तर त्याने दातांनी जर्सीला भोक पाडलं आणि त्यात बोट अडकवून तो हात तोलत शेवटपर्यंत खेळला. हे सगळं मला कित्येक वर्षांनी वाचून कळलं. त्या रात्री फक्त एक हात छातीशी धरून पळणारा माणूस दिसत होता, आणि आई म्हणत होती, "अरे, त्याला लागलंय, त्याला कुणी बाहेर का नेत नाही?"

वाल्दानोने दुसरा गोल केला. दोन-शून्य. मग शेवटची पंधरा-सोळा मिनिटं उरली असताना जर्मनांच्या रुमेनिगेने एक फेडला आणि थोड्याच वेळात फ्योलरने दुसरा. दोन्ही कॉर्नरवरून. दोन-दोन.

आता इथे माझा मुद्दा आहे. मला भीती वाटली नाही. जरासुद्धा नाही. बारा वर्षांच्या पोराला आपला संघ हरू शकतो हे माहीतच नव्हतं, हरलेला कधी पाहिलाच नव्हता. मी नुसता पुढच्या गोलची वाट पाहत बसलो, आणि तो तीन मिनिटांत आलाही. मैदानाच्या मधोमध मॅराडोनाभोवती जर्मनांचा गराडा. चेंडू उसळून त्याच्याकडे आला आणि त्याने तो थांबवला नाही, डाव्या पायाने नुसता ढकलला, दोघांच्या मधल्या फटीतून पुढे. कॅमेरा सरकला तेव्हा कळलं की तिथे बुरुचागा पळतोय, एकटा, पुढे सगळं मैदान रिकामं. मागून ब्रीगेल धावत होता, पण पोहोचला नाही. बुरुचागाने शूमाखरच्या बाजूने चेंडू सारला.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि आईचा तळहात त्यावर बसला. तिच्या काचेच्या बांगड्या माझ्या हनुवटीवर आपटल्या. "बाळ उठेल." शिट्टी वाजल्यावर तिने पुन्हा तेच केलं. मॅराडोनाच्या हातात कप आला तोही मी त्या हाताच्या वरून पाहिला. मग शटर ओढलं, चौक ओलांडला, घरी आलो. रात्रीचे दीड वाजायला आले होते. १९८३ला क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला तेव्हा बाबांनी हात धरून मला राजवाड्यावर नेलं होतं, त्या गर्दीत माझी एक चप्पल हरवली होती. या वेळी वाड्यात एकही दिवा नव्हता. अंथरुणात उशीत तोंड खुपसून मी काय ओरडलो असेन तेवढंच.

पुढची वर्षं भरभर सांगतो, त्यांच्यावर रेंगाळत नाही. १९९०, रोम, पुन्हा जर्मनी, सामना संपत आला असताना ब्रेमेची पेनल्टी. २०१४, माराकाना, पुन्हा जर्मनी, ११३व्या मिनिटाला ग्योत्झे. लगोलग २०१५ आणि २०१६, कोपा अमेरिकाच्या दोन फायनल, दोन्ही चिलीकडून पेनल्टींवर. २५ नोव्हेंबर २०२०ला मॅराडोना गेला. त्या दिवशी ऑफिसातून घरी आलो तर आईने न विचारता चहा ठेवला.

१८ डिसेंबर २०२२. फायनल, समोर फ्रान्स. आता आम्ही सुदामा नगरात, टीव्ही भिंतीएवढा. बायको, कॉलेजातली मुलगी, मी, आणि पाय शालीत गुंडाळून बसलेली आई. मेस्सीची पेनल्टी, मग दि मारियाचा गोल. तो गोल एका माणसाचा नव्हता. आपल्या अर्ध्यातून निघालेला चेंडू मेस्सी, आल्वारेस, मॅक अ‍ॅलिस्टर असा फिरत फिरत आला आणि दि मारियाने तो अलगद आत घातला. दि मारिया रडत होता. मुलगीही. दोन-शून्य. मी गप्प होतो.

ऐंशीव्या मिनिटाला एमबाप्पेची पेनल्टी. दीड-दोन मिनिटांत पुन्हा तोच, हवेतूनच मारलेला. दोन-दोन.

"तेव्हाही असंच झालं होतं ना रे?" आई म्हणाली. "दोन-दोन?"

छत्तीस वर्षांत आम्ही त्या रात्रीबद्दल कधी बोललो नव्हतो. मला वाटायचं ती नुसती सोबत म्हणून बसली होती.

पण आता मला भीती वाटत होती. पोटात गोळा येतो म्हणतात ना, तसा खरोखरचा. जादा वेळेत मेस्सीने तिसरा केला, ११८व्या मिनिटाला एमबाप्पेने तोही फेडला. अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा पुढे आला आणि आपला गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब करून चेंडू अडवला. तिथे मी उठलो. पेनल्टी आल्या तेव्हा मी गॅलरीत होतो, दोन्ही हातांनी कठडा धरून. लोखंड थंडीने गार पडलं होतं. समोरच्या घरांच्या खिडक्यांत निळा उजेड हलत होता. आतून आई सांगत होती, एकेक करून.

"त्यांचा गेला आत." "मेस्सीचा गेला." "अडवला! अडवला रे!" तो कोमानचा. "आपला गेला." "त्यांनी बाहेर मारला!" तो चुआमेनीचा. "आपला पुन्हा." "त्यांचा गेला." मग ती थांबली, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, हा गेला तर संपलं. मोंटियेल." ज्याच्या हाताला चेंडू लागून फ्रान्सला तिसरा गोल मिळाला होता, तोच हा मोंटियेल.

आतून दोघींची किंकाळी आली.

मी ओरडलो. किती वेळ, कोण जाणे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेर आले, वर बघून त्यांनी हात उंचावला, समोरच्या गच्चीवरून पोरं "भियाऽऽ" करून हाका मारू लागली, आणि मी ओरडतच होतो. माझ्या तोंडावर हात ठेवायला कोणी नव्हतं. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि टाळ्या वाजवत होती. म्हणून २०२२.

साडेअकरा वाजून गेले होते. मुलगी म्हणाली, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार उघडाच असेल. स्कूटरवरून दोघं गेलो, थंडीत कान सुन्न झाले. आईने बजावून सांगितलं होतं, गराडू, म्हणजे तळलेला कंद, आण आणि वर जीरावन मसाला भरपूर घाल म्हणावं. घरी पोहोचेपर्यंत ते गार होऊन मऊ पडले होते, तरी तिने आवडीने खाल्ले. खाताना मध्येच थांबून विचारलं, "ते काळे सदरेवाले या वेळी नव्हते का?"

"जर्मनी? ते पहिल्याच फेरीत घरी गेले." मग मी सांगितलं, "आणि आई, ते सदरे काळे नव्हते. त्या दिवशी ते हिरव्या सदऱ्यांत खेळले होते. मला फार नंतर कळलं."

तिने बोटाला लागलेलं जीरावन चाटलं.

"असतील. आपण पाहिले तेव्हा काळेच होते."