खांदेरीचं दीपगृह, 1:100 : मनोरा उभा राहिला, दिवा फिरू लागला

दिवाळीच्या किल्ल्याला निमित्त करून थळसमोरच्या समुद्रातल्या बेटावरचा खांदेरी किल्ला करायला घेतला, त्याला आता सहा आठवडे झाले. मनोऱ्याची उंची 25 मीटर, म्हणजे माझ्याकडे 25 सेंटीमीटर. अष्टकोनी असल्यामुळे सनबोर्डच्या आठ पट्ट्या कापल्या, प्रत्येक कडेला साडेबावीस अंशांचा तिरका काप. पहिल्या खेपेला काप नजरेनं घेतले आणि आठवी पट्टी बसेचना. दुसऱ्या खेपेला लाकडी गुटका तासून त्याच्या आधारानं कटर चालवला, मग सांधे जुळले. फेविकॉल वाळेपर्यंत रबरबँड लावून ठेवा, नाहीतर पट्ट्या फाकतात.

अख्खं बेट या मापात केलं तर हॉल सोडाच, बिल्डिंगही पुरणार नाही. म्हणून टेकडी, दीपगृह आणि खाली तटाचा एक तुकडा एवढंच घेतलं. तट गाळावा असंही वाटत होतं, पण लेकानं विचारलं, "बाबा, महाराजांच्या किल्ल्यावर लाइटहाउस कसं?" मग तट ठेवलाच. 1679 मध्ये महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईकर इंग्रजांना हे बेट मराठ्यांकडे जाणं परवडणारं नव्हतं. जहाजं आणून त्यांनी कोंडी केली, ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमाराशी लढाई झाली, तरी काम थांबलं नाही. 1680 उजाडताच इंग्रजांनी काढता पाय घेतला. 1718 मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या काळात पुन्हा हल्ला झाला, तोही फसला. आणि 1867 मध्ये त्याच इंग्रजांनी मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांसाठी इथे दिवा लावला! तट आणि मनोरा यांच्यात 188 वर्षं आहेत, म्हणून दोन्हींचा पोत वेगळा ठेवलाय. तटाला थर्मोकोलवर तारेचा ब्रश आणि कुटलेला कोळसा, मनोऱ्याला पीओपीचा गुळगुळीत हात आणि पांढरा रंग.

खरा वेळ खाल्ला दिव्यानं. आधी नुसता लुकलुकणारा एलईडी लावला, तो लग्नाच्या माळेसारखा दिसायचा. जुन्या दीपगृहांत ज्योत पेटतीच असायची. भिंगं फिरत आणि झोत आपल्यावरून गेला की लखलख दिसे. म्हणून पुस्तक वाचायचं चपटं प्लास्टिकचं भिंग कापून बसवलं. दीपगृहातल्या फ्रेनेल भिंगाच्याच (कड्याकड्यांच्या) तत्त्वाचं ते, पण त्याचं केंद्रांतर (झोत सरळ पडायला दिवा भिंगापासून जितका लांब हवा ते अंतर) 20 सेंटीमीटरच्या वर आणि माझी कंदिलाची खोली जेमतेम 3 सेंटीमीटर. रविवार फुकट गेला. शेवटी पेनाच्या काळ्या टोपणाला समोरासमोर दोन फटी पाडल्या, खाली 10 आरपीएमची (मिनिटाला 10 फेरे) गिअर मोटर, आत कायम पेटता एलईडी. दर तीन सेकंदांनी झोत भिंतीवरून जातो. मोटरची घरघर मात्र आहे. खाली फोमचा तुकडा घालून बघतो.

राहिलं ते वेताळाचं देऊळ. थळच्या कोळ्यांचा हा देव, त्याला वगळून खांदेरी होत नाही. आतल्या पांढऱ्या शिळेसाठी सध्या साबुदाण्याचा एक दाणा चिकटवून ठेवलाय. वार्निशनं पिवळा पडतो का, ते बघायचंय.