कोपऱ्यातलं बटण

माउसचा बाण डोळे मिटून पडद्याच्या कोपऱ्यात भिरकावून बघा. नेम धरावाच लागत नाही. हात कितीही जोरात गेला तरी पडद्याची कड बाणाला अडवते आणि तो बरोब्बर कोपऱ्यात जाऊन बसतो. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो, असा नियम मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडला. त्या हिशेबात कडेला चिकटलेलं एवढंसं बटणही हाताच्या लेखी अवाढव्य असतं. मॅकवर वरच्या कडेचा मेनू पटकन सापडतो तो यामुळेच.

विंडोज ९५ मध्ये स्टार्टचं बटण कोपऱ्यात होतं, पण अगदी टोकाला नव्हतं. कड आणि बटण यांच्यामध्ये बारीकशी फट होती. बाण कोपऱ्यात टेकायचा, क्लिक व्हायचं आणि उघडायचं काहीच नाही. फट पुढे बुजवली गेली. मग २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि बटण कोपरा सोडून तळाच्या पट्ट्याच्या, म्हणजे टास्कबारच्या, मधोमध जाऊन बसलं. तिथे अख्खी रांगच मध्यावर बेतलेली असल्यामुळे नवा प्रोग्रॅम उघडला की स्टार्ट जरासं डावीकडे सरकतं, बंद केला की परत उजवीकडे. हाताला जागा पाठ होणार कशी? उपाय सोपा आहे: टास्कबारच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली टास्कबार बिहेवियर्स, आणि अलाइनमेंटमध्ये लेफ्ट.

टास्कबार उभा करून बाजूला लावायची जुनी सोय मात्र विंडोज ११ आलं तेव्हा काढून टाकलेली होती. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर आडवी जागा मुबलक आणि उभी तुटपुंजी, त्यात हा पट्टा ४८ पिक्सेल उंची खातो. ज्यांनी वर्षानुवर्षं तो डावीकडे ठेवला होता, त्यांचा संताप रास्तच म्हणायचा.

पण बनवणाऱ्यांची अडचणही खोटी नाही. चालू-बंद अशा दहा सेटिंग्जच्या १,०२४ वेगवेगळ्या मांडण्या होतात; वीस झाल्या की दहा लाखांच्या वर. टास्कबार चारही बाजूंना जाऊ शकत असेल तर प्रत्येक मेनू, प्रत्येक सूचना चारही बाजूंनी नीट उघडते का, हे तपासत बसावं लागतं. लिनक्सवरच्या नोम ३ या डेस्कटॉपने २०११ मध्ये खिडकीवरचं मिनिमाइजचं बटणच काढलं. ते ट्वीक्स नावाच्या वेगळ्या साधनातून परत आणता येतं. काहींना तेवढ्यावर भागेना. त्यांनी जुनं नोम मॅटे या नावाने चालू ठेवलं. लिनक्सवरच्याच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा स्वभाव उलटा. तिथे बदलता येत नाही असं शोधावं लागतं, आणि हवं ते सेटिंगही शोधावंच लागतं.

माझं मत विचाराल तर निवड हवीच, फक्त ती घसरत्या हाताच्या वाटेत नसावी. जुन्या विंडोजमध्ये टास्कबारची वरची कड ओढून तो खालीवर करता यायचा. ओढताना हात जरा जास्त खाली गेला की पट्टा आक्रसून रेघेएवढा उरायचा आणि माणूस घाबरून म्हणायचा, 'टास्कबार गेला!' गेलेला नसायचाच. बाण खालच्या कडेला न्यायचा, त्याचा दोन तोंडांचा बाण झाला की डावं बटण दाबून धरून वर ओढायचं. विंडोज एक्सपीमध्ये टास्कबार लॉक करायची सोय आली आणि हा घोळ बराच थांबला. ज्याला हलवायचा आहे तो उजवं क्लिक करून कुलूप काढेल. बाकीच्यांना कुलपाचा पत्ताही नको.

उलट दुखणं मॅकवर. नॅचरल स्क्रोलिंग, म्हणजे बोटं जिकडे सरकतील तिकडेच मजकूर सरकणं, ट्रॅकपॅडवर बरं वाटतं, पण चाकाच्या माउसवर तेच अनेकांना उलटं वाटतं. म्हणून माउसच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करावं, तर ट्रॅकपॅडचंही बंद होतं. बटणं दोन पानांवर दोन दिसतात, सेटिंग आतून एकच. दोन्ही वापरणाऱ्याला शेवटी त्रयस्थाचं एखादं छोटं सॉफ्टवेअर टाकून घ्यावं लागतं.